शांतवनआप्पांच्या छातीतला दगड

शांतवन कुरणे हे माझे चुलत चुलते. एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी कोल्हापूर-गडहिंग्लज मार्गावर काढली, आणि निवृत्त झाल्यावरही मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल अशाच आवाजात बोलत राहिले. आईबापांनी नाव शांतवन ठेवलं होतं, त्याला कुणाचा इलाज नव्हता.

आमची दोन घरं मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लावून आहेत. आमच्या पणज्याला दोन मुलगे. थोरल्यानं मिशनच्या बंगल्यावर माळीकाम धरलं आणि तो ख्रिस्ती झाला. धाकट्याच्या घरानं पुढं छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म दोघांनीही बदलला, घर कुणीच बदललं नाही, त्यामुळे मधली भिंत सामाईकच राहिली. तिकडे प्रार्थना, इकडे वंदना, आणि रविवारी मटणाचा वास दोन्हीकडे.

इकडच्या घराचे कर्ते म्हणजे माझे वडील धोंडीराम. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वीज मंडळात वायरमन होते. आप्पा आणि आण्णा एका वयाचे, एका शाळेतले, आणि डोक्यानंही सारखेच गरम. मी संघप्रिया, या दोघांच्या मधे सापडलेली. पेशानं फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांना दुखतं तिथंच हात लावायचा हा माझा धंदा.

आप्पांचं पवित्र शास्त्राचं वाचन दांडगं होतं, पण सगळं संदेष्ट्यांपाशी अडकलेलं. क्षमा, दुसरा गाल वगैरे भाग ते भरभर उलटून टाकायचे. त्यात वेळ दिलेली नाही, म्हणायचे. संदेष्ट्यांची भाकितं मात्र त्यांना एस.टी.च्या वेळापत्रकासारखी वाटत. गाडीला उशीर होईल, पण ती रद्द झालेली नाही. पंचगंगेला महापूर आला तेव्हा त्यांनी बाळाबाईकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक पान उघडून दाखवलं. कोरोना आला तेव्हा दुसरं पान. टोळधाड महाराष्ट्रात शिरल्याची बातमी आली तेव्हा ते तिसरं पान काढून बसले, आणि टोळ कोल्हापूरपर्यंत आलेच नाहीत तेव्हा फार नाराज झाले.

आता भांडणाचं सांगते. २०१७ साली गुड फ्रायडे नेमका चौदा एप्रिलला आला. बाकीच्या गावाला याचं काही नव्हतं, पण आमच्या एका भिंतीच्या अलीकडे तो वर्षातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा दिवस आणि पलीकडे सगळ्यात शांत. ख्रिस्ती मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्यांना चर्चपर्यंत जाणं होत नाही, त्या गुड फ्रायडेला आप्पांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जमायच्या. प्रभू क्रुसावर होता ती वेळ, दुपारी बारा ते तीन, तिथं बसायचं. आणि आमच्या जयंती मंडळाचा डॉल्बी त्याच दाराच्या समोर. मंडळाचे अध्यक्ष आण्णा.

आदल्या दिवशी आप्पा आमच्या दारात आले होते.

"धोंड्या, उद्या बारा ते तीन तेवढं बंद ठेव. मग रात्रभर वाजीव, मी काय म्हणणार न्हाय."

आण्णा म्हणाले, "पिढ्यान् पिढ्या लोक आमाला गप बसा म्हणत आल्यात. ह्यो एक दिवस हाय मोठ्यानं बोलायचा. त्या दिवशी तूबी येऊन गप बसाय सांगतोस व्हय?"

"तीन तास म्हणतोय मी."

"तीन मिन्टंबी न्हाय."

मला दोघांचंही पटलं होतं, आणि तेच जास्त वैताग आणणारं होतं. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला आण्णांनी स्वतः जाऊन आवाज वाढवला. थोड्या वेळानं आप्पा पांढऱ्या कपड्यांत बाहेर आले आणि दोन्ही हातांनी डॉल्बीची मेन वायर उपटली. मोठा जाळ झाला, अर्ध्या गल्लीची लाईट गेली, डॉल्बीबरोबर आप्पांच्या सोप्यातला पंखाही बंद पडला आणि आतल्या म्हाताऱ्यांनी उरलेली उपासना घामात केली. बाहेर हाणामारी होता होता राहिली. आण्णा एवढे ओरडत होते की नेमकं काय ते नंतर कळलं. जयंतीच्या मांडवात, सगळ्या गल्लीदेखत, बाबासाहेबांच्या फोटोसमोर वायर उपटली हा एक राग. आणि दुसरा, वायर चुकीच्या टोकाकडनं ओढली. जिवंत बाजूनं. "मेला असता की भडवा," असं आण्णा घरात येऊन म्हणाले, आणि मग त्यांनी आप्पांचं नाव टाकलं.

बोलणं फक्त पुरुषांचं बंद झालं. बायका परसातल्या भिंतीवरून ताटंवाट्या देत राहिल्या, कारण भांडण मिटेपर्यंत कालवण कोण थांबवणार. आप्पा मात्र आमच्या दारावरून जायचे बंद झाले. बाजाराला, चर्चला, कुठंही जायचं तर मागच्या बोळानं, अर्धी पेठ वळसा घालून. पाय दुखायचे, धाप लागायची, तरी बोळच.

धाप लागायची ती नुसत्या चालण्यानं नव्हती हे पुढं कळलं. हृदयाच्या तीन शिरा बंद निघाल्या. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं आणि म्हणाले, बघा, आत सगळं दगडासारखं झालंय. बायपास करावी लागेल.

दुसऱ्या कुणाला ऐकून घाम फुटला असता. आप्पांचा चेहरा उजळला, असं काकू सांगतात. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देवानं वचन दिलंय की तुमच्यातलं दगडाचं काळीज मी काढून टाकीन आणि मांसाचं काळीज देईन. आप्पांनी ते किती वर्षं वाचलं होतं, गाडी कुठवर आली एवढंच कळत नव्हतं. आता कळलं. ऑपरेशनला नेताना त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे सांगायला घेतलं, आणि अर्ध्यात झोपले.

घरी आल्यावर काकूंनी परसातून मला हाक मारली. छातीचे व्यायाम शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि बाहेरचा माणूस आप्पांच्या आवाजापुढे टिकला नसता. मी आण्णांना विचारलं. ते पेपर वाचत होते.

"जा. औषधपाण्याला आडवं येऊ ने. पन माझं नाव काढायचं न्हाय तिथं."

मी रोज जायला लागले. खोकताना छातीशी उशी धरायची, उठताना हातावर जोर द्यायचा नाही, आणि एक प्लास्टिकचं यंत्र असतं त्यात श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचे. आप्पांचा पहिला गोळासुद्धा हलायचा नाही, आणि त्याबद्दल ते यंत्रालाच शिव्या द्यायचे. मी घरी परत आले की आण्णा पेपरमागून विचारत, "गोळं उचललं का?" मी म्हणायची, कुणाचे? ते म्हणायचे, "काय न्हाय. सहज."

चर्चचे पाळकसाहेब आप्पांना भेटायला आले. तरुण आहेत, सभ्य आहेत. आप्पांनी शर्टाची बटणं काढून त्यांना टाके दाखवले आणि भाकीत पूर्ण झाल्याचं कळवलं. पाळकसाहेब म्हणाले, "आप्पा, ते रूपक आहे. संदेष्टा आतल्या बदलाबद्दल बोलतोय."

"मीबी आतल्याच बदलाचं सांगतोय की," आप्पा म्हणाले. "बाहेरनं काय केलंय व्हय त्यांनी? छाती उघडली हाय, पाळकसाहेब. ह्याच्या आत आणि कुठलं आत असतंय?"

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि प्रार्थना करून गेले.

मग आप्पा बदलाची वाट बघायला लागले. नवीन काळीज मिळालंय तर ते मऊ निघायला हवं, हा त्यांचा सरळ हिशोब. सकाळी ते गादीवर बसून स्वतःकडे लक्ष ठेवायचे. दूधवाला उशिरा आला की ते डोळे मिटून आत काही मऊपणा जाणवतोय का बघायचे, आणि मग डोळे उघडून त्याच्या सात पिढ्या काढायचे. काकूंना विचारायचे, "फरक वाटतोय का गं?"

"कशात?"

"माझ्यात."

"आवाज बारीक झालता. त्योबी परत आला," काकू म्हणायच्या आणि लसूण सोलत राहायच्या.

मला हसू यायचं, आणि हळूहळू वाईटही वाटायला लागलं. एवढं मोठं शरीर फाडून घेतलेला माणूस रोज उठून स्वतःत काही चांगलं आलंय का शोधतोय, आणि रोज सापडतोय तो जुनाच कंडक्टर. ते त्यांना खरंच लागत होतं. एकदा उशी छातीशी धरून मला म्हणाले, "देवानं दिलं, आणि माझ्यातच लागू पडलं न्हाय असं असंल काय गं?" मी म्हटलं, आप्पा, गोळे उचला.

तपासणीला डॉक्टरांकडे मीच त्यांना रिक्षानं घेऊन गेले. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. आप्पा म्हणाले, "साहेब, त्यो दगड बघायला मिळंल का? काढलेला?"

"कुठला दगड?"

"शिरंतला. तुम्ही म्हणालावता दगडासारखं झालंय."

डॉक्टर हसले. "तो काढत नाही आम्ही. तो आहे तिथंच आहे. पायातली शीर घेऊन त्याच्या बाजूनं दुसरा रस्ता काढलाय. म्हणून तर त्याला बायपास म्हणतात."

मला हे शिकताना पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. आप्पांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.  परतताना रिक्षात आप्पा गप्प आहेत म्हटल्यावर मी दोनदा त्यांची नाडी बघितली. घर जवळ आल्यावर रिक्षावाला आमच्या दारावरून न्यायला लागला तर आप्पांनी सवयीनं त्याला सांगितलं, "मागच्या बोळानं घे." आणि मग लगेच, "थांब."

रिक्षा तिथंच उभी राहिली. मागून गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"संघे," आप्पा म्हणाले, "एवढं कापलं, तुकडं केलं, आणि दगड हाय तिथंच. मग यहेज्केलानं हे सांगितलेलंच न्हाय."

"मग काय सांगितलंय?"

"त्येच बघाय पायजे." आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "घे बोळानंच. आज तयारी न्हाय."

पुढचे काही दिवस ते तोच भाग वाचत होते, पण आता पुढं काय येणार ते बघायला नाही. मागं काय आहे ते बघायला. एका सकाळी मी गेले तर व्यायामाआधी मला बसवलं.

"हे बघ. आदी काय म्हणतोय देव? तुमी चहूकडं पांगलायसा, तुमाला गोळा करून आपल्या घरी आणतो. मग पाणी शिंपडतो. आन् त्याच्या मागनं काळीज. घरी आणल्याबिगर काळजाला हातच लावत न्हाय त्यो." मग त्यांनी मधल्या भिंतीकडे बघितलं. "मी तर मागच्या बोळानं फिरतोय. माझ्यापतुर गाडी यायची कशी?"

मी बौद्ध आहे, देवाचं मला काही सांगता येत नाही. पण मन कसं कठीण होतं आणि त्याला काय करावं लागतं हे आमच्याकडेही शिकवतात, आणि आप्पा तिथं दुसऱ्या रस्त्यानं येऊन पोचले होते. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुमच्याकडं लवकर सांगत्यात व्हय? आमच्याकडं आदी कापत्यात."

त्याच संध्याकाळी ते पुढच्या दारानं बाहेर पडले आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले. आण्णा खुर्चीत होते. उठले नाहीत.

"धोंड्या, चुकलं माझं," आप्पा म्हणाले. आण्णांनी पेपरचं पान उलटलं. आप्पांनी वाट बघितली आणि मग त्यांचा तोल गेला. "माफी मागतोय की मी! ऐकू येत न्हाय व्हय तुला?"

"सगळ्या पेठंला ऐकू आलं," आण्णा म्हणाले. "पन उपटलीस ती मांडवात. माफी दारात मागून भागंल व्हय? मांडवात माग."

आप्पा परत गेले. मला आण्णांचा राग आला आणि मी तसं तोंडावर सांगितलं. आजारी माणूस उंबऱ्यापर्यंत आला होता. आण्णांनी पेपर तोंडापुढं धरला आणि आईला म्हणाले, भात वाढ.

चौदा एप्रिल आला. मांडव, फोटो, निळे झेंडे, डॉल्बी. भाषणं चालू असताना आप्पा धुतलेल्या शर्टात आले आणि सरळ माईककडे गेले. मंडळाची पोरं वायरकडे धावली. आप्पा म्हणाले, "वायरीला हात लावत न्हाय. बसा." मग माईक तोंडाशी धरला. गरज नव्हती, पण धरला.

"मी शांतवन कुरणे. पोरानो, तुमी तवा ल्हान असशीला. मी ह्या मांडवात वायर उपटलती. बाबासाहेबांच्या समोर. माझा बा आन् धोंड्याचा बा एकाच रांजणातलं पाणी प्यालेलं, आन् मी ह्यो दिवस परक्यागत बघितला. चुकलो." थोडं थांबून म्हणाले, "आवाज जास्त हुता ह्ये मात्र खरं हाय."

लोक हसले, टाळ्या झाल्या. कुणीतरी जय भीम म्हणालं, आप्पांनीही जय भीम म्हणून हात वर केला आणि टाके दुखले म्हणून लगेच खाली घेतला. आण्णा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही समोर बघत होते.

"पुन्ना कवा येत्यात दोनी एकाच दिवशी?" आण्णांनी विचारलं.

वेळापत्रक आप्पांना पाठ होतं. "अठ्ठावीस साली."

"बघू तवा."

"बघू न्हाय. आत्ता सांग."

"बारा ते तीन बंद," आण्णा म्हणाले. "जा आता, बस खुर्चीत. उभारू नको."

त्यानंतर आप्पा आमच्या दारावरून जायला लागले, आणि रोज तिथं थांबून आण्णांशी भांडायला लागले. महापालिका, क्रिकेट, गडहिंग्लजची मिरची, कशावरूनही. मऊ झाले असं मी म्हणणार नाही. पण दूधवाल्याला शिव्या दिल्यावर ते त्याला हाक मारून चहा देत, आणि आपण असं का करतोय हे कळत नसल्यासारखे त्याच्याकडे बघत बसत.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आप्पा झोपले ते उठलेच नाहीत. दफनाला पाळकसाहेबांनी तोच भाग वाचला. आण्णांनी माती टाकली, दुसऱ्या बाजूला गेले आणि परत टाकली.

या वर्षी जयंतीच्या तयारीची बैठक भरली तेव्हा आण्णा पोरांना म्हणाले, "आत्ताच सांगून ठेवतो. अठ्ठावीस साली बारा ते तीन डॉल्बी बंद."

एक पोरगा म्हणाला, "आण्णा, आप्पाच ऱ्हाईलं न्हाईत आता. बंद ठेवायचा तर कुणासाठी?"

पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हिशोबाचंच बोलला. आण्णा बैठकीतून उठले. घरी आले, आणि जेवले नाहीत.

यंदा गुड फ्रायडे जयंतीच्या आधीच आला. दोन्ही दिवस वेगळे, कुणाला कुणाची अडचण नाही. बाराच्या आधी आण्णांनी पांढरा शर्ट घातला. आईनं कुठं विचारेपर्यंत ते बाहेर पडले होते. शेजारच्या दारातून आत गेले. मी भिंतीला टेकून बसले. पलीकडून म्हाताऱ्यांची गाणी यायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा गाणी. एकदा आण्णांचा आवाज आला, अडखळत काहीतरी वाचत असल्यासारखा. उन्हानं गल्ली मोकळी होती.

तीन वाजून गेल्यावर ते बाहेर आले आणि आमच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं.

"काय केलं आण्णा एवढा वेळ?"

"बसलो." ते पाणी प्याले नाहीत, तांब्या हातात धरून बसले. "म्हाताऱ्या गाणी म्हणत्यात. मदी गप बसत्यात. वैनीनं मला त्यो दगडाचा भाग वाचाय लावला, चष्मा सापडंना म्हणं तिला. वाचला. मग परत गप बसलो. तीन वाजलं, उठलो."

"बस, एवढंच?"

"एवढंच." आण्णा समोर बघत होते, मांडव घालतात त्या जागेकडे. त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. माझ्या बापाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं.

"एवढंच मागत हुता व्हय गं त्यो," ते म्हणाले.